इवायांनी बसवलेला संगणक

मांगलबोडी मच्छीमार सहकारी संस्थेचे मानद सचिव मनसाराम मारबते यांचं आणि संस्थेच्या संगणकाचं दीड वर्ष उत्तम जमलं होतं. पत्र टाइप करावं, छापावं, संगणक बंद करून त्यावर नॅपकीन पांघरावा, असा सोज्वळ संसार. मेच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी साडेदहाला त्या संगणकानं पडद्यावर लाल चौकट आणली आणि कळवलं, की 'सहीसेतू'ची आवृत्ती जुनी झाली आहे, नवी बसवल्याखेरीज सही होणार नाही. मनसारामबाबूंनी चौकट दोनदा वाचली. तिच्यात 'कृपया' नव्हतं, 'विनंती आहे की' नव्हतं. पंचायत समितीत एकतीस वर्षं लेखणी झिजवून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला असा मजकूर मनाला लागतो.

प्रकरण काय ते आधी सांगून टाकू. गावचा मोठा तलाव मासेमारीसाठी पाच वर्षांच्या ठेक्यानं संस्थेकडे होता आणि ठेका संपत आला होता. मुदतवाढीचा अर्ज खात्याच्या संकेतस्थळावर, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत, सचिवाच्या डिजिटल सहीनिशी गेला पाहिजे. नाही गेला तर तलाव जाहीर लिलावात. शेहेचाळीस घरं त्या तलावावर रोहू, मरळ नि झिंगे धरून जगतात, आणि गेल्या महिन्यात एक परका ठेकेदार जीप उभी करून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोनदा फिरून गेला होता. पाळीवर कोणी हवा खायला येत नाही, मे महिन्यात तर नाहीच.

सही अंगठ्याएवढ्या एका काडीत असते. काडी संगणकाला खुपसायची, आणि तिच्यातली सही अर्जावर नेऊन ठेवायचं काम सहीसेतूनं करायचं. हा सहीसेतू ना खात्याचा, ना संगणकाचा, तिसऱ्याच कुठल्या कंपनीचा. संस्थेच्या संचालक रंभाबाई डोंगरवार, आठवडी बाजारात मासळी विकून तीन लेकरं शिकवलेली बाई, त्यांनी हे ऐकलं तेव्हा एकच प्रश्न विचारला, "काडी आपली, सही आपली, तलाव आपला. मंग हा मधातला कोन होय?"

तालुक्याला, नागभीडला जाऊन दुसऱ्या कुणाच्या संगणकावरून अर्ज भरावा, तर तेही शक्य नव्हतं. मागं एका अध्यक्षानं संस्थेचा शिक्का खिशात घालून साळ्याच्या लग्नाला नेला होता आणि तिथं तो मंडपवाल्याच्या कागदावर उमटला. तेव्हापासून ठराव आहे, की शिक्का संस्थेच्या उंबरठ्याबाहेर जाणार नाही. काडी आली तेव्हा सभेनं विचारांती तिलाही शिक्काच मानलं आणि जाळ्याच्या दोरीनं टेबलाच्या पायाला बांधून टाकलं. दोरी चार हात लांब आहे. काडी उंबरठ्यापर्यंत येते, पुढं येत नाही.

आता संगणकाबद्दल. त्याच्यात लिनक्स नावाची यंत्रणा होती, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली आणि फुकट. ती बसवून दिली होती सुरेंद्र नागापुरे यांनी. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत जन्म काढलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर लिनक्सच्या नादी लागले, जसे दुसरे लोक भजनी मंडळाच्या लागतात. पण त्यांची खरी ओळख ही नव्हे. मनसारामबाबूंची रुपाली त्यांच्या घरी दिलेली, म्हणजे ते व्याही. आमच्याकडे त्याला इवाई म्हणतात, आणि इवाई हा काही साधा नातेवाईक नसतो. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला कोणकोणत्या गोष्टी बोलू नयेत याची यादी मोठी आहे, आणि तुम्ही दिलेली वस्तू बिघडली ही गोष्ट त्या यादीत बरीच वर येते.

शिवाय मनसारामबाबूंनी स्वतःची वाट स्वतःच बंद करून ठेवली होती. दीड वर्षं तालुक्याच्या सचिवांच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी सांगितलं होतं, की व्हायरस तुमच्या संगणकाला लागतो, आमच्याला नाही. कुणाचा संगणक अडला, की ते हळहळायचे, आणि ते हळहळणं समोरच्याला शिवीसारखं लागायचं.

तर मंगळवार. नवी आवृत्ती त्यांनी उतरवून घेतली. बसवायला लागले, तर तिनं अटींची चौकट पुढं केली. चौतीस पानं इंग्रजी आणि शेवटी दोन बटणं, मान्य आणि अमान्य. इथं मनसारामबाबूंच्यातला बडा बाबू जागा झाला. संस्थेच्या वतीनं काहीही मान्य करायचं, तर ठराव पाहिजे. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे. त्यांनी 'पुढील सभेत ठेवावे' असं तिसरं बटण बराच वेळ शोधलं. चौकटीच्या कडेला शोधलं, मागं काही दडलंय का तेही पाहिलं. इतका मोठा कारभार करणाऱ्या कंपनीला प्रकरण प्रलंबित ठेवण्याची सोय करता येऊ नये, याचं त्यांना वाईट वाटलं. शेवटी, तूर्तास, सभेच्या निर्णयाला अधीन राहून, त्यांनी 'अमान्य' दाबलं.

यंत्राला यातलं 'तूर्तास' कळलं नाही. त्यानं नवी आवृत्ती पुसली, आणि अटीच मान्य नाहीत म्हणून जुनीही पुसली.

संध्याकाळी त्यांनी भद्रावतीला फोन लावला. इवायाला नव्हे, रुपालीला. सगळे बरे आहेत ना, पाहुण्यांची तब्येत कशी आहे, पाहुणे काय करून राह्यले, असं विचारलं. पाहुणे म्हणजे सासरा. पाहुणे पेपर वाचत आहेत असं कळल्यावर, वाचू दे, म्हणून फोन ठेवला.

बुधवारी तातडीची सभा झाली. अध्यक्ष पोचूभाऊ यांचं मत पडलं, की मशीन उन्हानं भणकलं असेल, त्याला दोन दिवस ओल्या गोणपाटात ठेवावं. तलावातून काढलेल्या मासळीच्या बाबतीत पोचूभाऊंचा हा उपाय कधी चुकलेला नाही, म्हणून तो आदरानं ऐकून घेण्यात आला. मग नवी आवृत्ती पुन्हा उतरवून अटींची चौकट उघडली, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळं हाती लागलेल्या सत्यशीला मॅडमनी चौतीस पानं मराठीत सांगत सांगत वाचायला घेतली. लोक मांडी घालून बसले. पोथीला नसते इतकी शांतता होती. नवव्या कलमात असं निघालं, की या सामानामुळं कुणाचं कसलंही नुकसान झालं तरी बनवणारा जबाबदार नाही. चौदाव्यात असं, की भांडण झालंच तर ते समुद्रापलीकडच्या अमुक शहरातल्या कोर्टात चालेल. रंभाबाईंनी विचारलं, की तिथं पेशीला गेलो तर त्याच दिवशी परत यायला बस आहे काय. मॅडमनी अटींत तसं काही नाही म्हणून सांगितलं.

शेवटी कलम नऊ आणि चौदा वगळून बाकी अटी सर्वानुमते मान्य असा ठराव झाला. पण वगळलेली कलमं लिहायला चौकटीत जागा नव्हती. मनसारामबाबूंनी तो आक्षेप कार्यवृत्तात नोंदवला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि पाच वाजून वीस मिनिटांनी जड मनानं 'मान्य' दाबलं. आयुष्यात इतक्या रीतसर पद्धतीनं कुणी त्या बटणावर बोट ठेवलं नसेल.

सहीसेतू अर्धा बसला आणि थांबला. म्हणाला, मला चालायला एक जुना सुटा भाग लागतो, तो तुमच्याकडे नाही, त्याच्या जागी नवा आहे. लिनक्स वेळच्या वेळी आपला आपण नवा होत आला होता, आणि सहीसेतू बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढली ती चार वर्षांपूर्वीच्या लिनक्सवर बेतून. म्हणजे जुनी आवृत्ती चालत नाही म्हणून नवी घ्यायची, आणि नवीला मात्र सगळं जुनं पाहिजे. पंचायत समितीत असे दोन अधिकारी त्यांनी पाहिले होते, पण ते निदान वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे.

त्यांनी नागभीडच्या सेवा केंद्राच्या जंगूला फोन केला, अर्थात आपलं काही अडलंय असं न दाखवता. जंगू वैतागून म्हणाला, "आमच्या इथीबी नवी आवृत्ती चालून नाई राह्यली बाबू. सोळा संस्था दारात उभ्या हायेत." हे ऐकून मनसारामबाबूंना रात्री दोन घास जास्त गेले. ही गोष्ट चांगली नव्हे, पण घडली ती सांगितली पाहिजे.

गुरुवारी जे झालं, त्याबद्दल ते आजही फारसं बोलत नाहीत. इंटरनेटवर कुणा भल्या माणसानं याच दुखण्यावर एका ओळीची आज्ञा लिहून ठेवली होती. ती त्यांनी कागदावर उतरवली, अक्षरानं अक्षर पडताळली, आणि संगणकाला दिली. संगणकानं एकशे बारा नावांची यादी दाखवली, की एवढ्या वस्तू काढाव्या लागतील. आणि खाली विचारलं, की खरंच करायचं असेल तर पुढचं वाक्य स्वहस्ते लिहून द्या. वाक्य इंग्रजीत होतं. अर्थ असा, की होय, मी सांगतो तसं कर.

वाचकहो, त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एकतीस वर्षं साहेब सांगतील तसं केलं. घरी बायको मीराबाई सांगतात तसं करतात. संस्थेत सभा सांगेल तसं. आणि इथं एक यंत्र हात जोडून उभं आहे, की तुम्ही फक्त लेखी द्या, मी तुम्ही म्हणाल तसं करतो. त्यांना भरून आलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, ते वाक्य स्वल्पविरामासकट लिहिलं आणि बटण दाबलं.

यंत्रानं शब्द पाळला. एकशे बारा वस्तू गेल्या, त्यात पडद्यावरची चित्रं, खिडक्या, बाण असं सगळंच गेलं. उरला काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. मनसारामबाबू तिच्याकडं पाहत बसले. मग उठून नॅपकीन पांघरला.

त्या संध्याकाळी भद्रावतीला तिसरा फोन गेला. या वेळी त्यांनी पाहुण्यांचं जेवण, झोप आणि गुडघे, तिन्हींची चौकशी केली. रुपालीनं विचारलं, "बाबा, काई झालं काय जी?" ते म्हणाले, काई नाई, काई नाई. बाप दोनदा काई नाई म्हणतो तेव्हा काय समजायचं, हे लेकीला माहीत असतं.

शुक्रवारी दुपारी, लोक उन्हानं दारं लावून बसलेले असताना, सुरेंद्रभाऊ नागापुरे दोन बस बदलून दारात उभे. एका हातात टरबूज, खांद्याला ते कुठंही न विसरता नेतात ती लॅपटॉपची पिशवी, आणि चेहऱ्यावर भेटायला आल्याचा गंभीर भाव. तीन दिवसांत तीन फोन म्हणजे मीराबाईंचं काही कमीजास्त असणार, असा भद्रावतीच्या घरानं निष्कर्ष काढला होता. इकडं इवाई न कळवता आले म्हणजे रुपालीचं काही झालं, या शंकेनं मनसारामबाबू पाणी विचारायचंही विसरले. अर्धा तास दोघं ऊन, बस आणि टरबुजाचा भाव यांवर बोलत एकमेकांचा अंदाज घेत बसले. सुरेंद्रभाऊ मधूनच आतल्या दाराकडं कणवेनं पाहायचे. शेवटी मीराबाईच टरबूज कापून घेऊन बाहेर आल्या आणि ताटली ठेवता ठेवता म्हणाल्या, "मले काई झालं नाई जी. तुमचा तो संगणक मेला."

जे सांगायला मनसारामबाबूंना तीन दिवस पुरले नव्हते, ते असं एका वाक्यात झालं.

संस्थेत जाऊन सुरेंद्रभाऊंनी नॅपकीन काढला, काळ्या पडद्यावर दोन-चार अक्षरं मारली आणि यंत्रानं ठेवलेली नोंद वाचली. वाचून चष्मा कपाळावर नेला. "इवाई, हे होताना ते एक वाक्य लिहून मागते. लिहून देल्ल्याबिगर होत नाई. कोनं लिहून देल्लं?"

मनसारामबाबू खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "कार्यालयातून गेलं."

सुरेंद्रभाऊंनी पुढं विचारलं नाही. या सभ्यतेबद्दल मनसारामबाबूंनी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

तो संगणक परत उभा करायला चार दिवस जाणार, म्हणून लॅपटॉपवर करून पाहिलं. तिथंही सहीसेतूनं तोच जुना भाग मागितला. तेव्हा सुरेंद्रभाऊंनी उपाय काढला, की लॅपटॉपच्या आत जुन्या लिनक्सची एक वेगळी खोली बांधायची आणि सहीसेतूला त्या खोलीत नेऊन बसवायचं. त्याला वाटेल आपण चार वर्षांपूर्वीच्या काळातच आहोत. उपाय उत्तम. पण जुनी खोली इंटरनेटवरून उतरवायची, तर संस्थेतल्या नेटवर अर्ज कसाबसा जातो, एवढं जड काही येत नाही. गावात नेट धड मिळतं ते फक्त तलावाच्या पाळीवर, आणि तिथंही एका फोनच्या जिवावर काम होण्यासारखं नव्हतं.

पोचूभाऊंनी हे नीट ऐकून घेतलं. पाळ फुटते तेव्हा मांगलबोडीत घरटी एक माणूस येतो, टोपलं-फावडं घेऊन, विचारावं लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दवंडी दिली, की उद्या सकाळी पाळीवर घरटी एक फोन.

शनिवारी सहाला पाळीवर जत्रा भरली. मोहाच्या सावलीत सतरंजी, सतरंजीवर लॅपटॉप, भोवती फोन. एकाचं नेट संपलं, की दुसऱ्याचा जोडायचा. कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणाची बॅटरी उतरलेली, एकाच्या फोनवर मधातच सासुरवाडीचा फोन आला तर साऱ्यांनी मिळून त्याला कापायला लावला. बुधरी आजीनं तिचा बटणांचा फोन पदराला पुसून आणला आणि रांगेत ठेवला. त्याच्यात नेट नसतं हे तिला कुणी सांगितलं नाही. तिच्या घरचा फोन हजर झाला, अशी नोंद मनसारामबाबूंनी केली. साडेनऊला, सोळाव्या फोनवर, जुनी खोली पुरती उतरली. समोर तलाव उन्हाळ्यानं आटून अर्ध्यावर आला होता, आणि इतका वेळ हसत-बोलत असलेली माणसं त्याच्याकडं पाहत, फोन उचलून संस्थेकडं निघाली.

साडेदहाला संस्थेत काम सुरू झालं. खोली बांधली गेली. सहीसेतू आत बसला आणि कुरकूर न करता उघडलाही. दोरीनं बांधलेली काडी लॅपटॉपला लावली. सहीसेतू म्हणाला, काडी सापडत नाही.

सुरेंद्रभाऊ शांतपणे म्हणाले, "इवाई, थोडा पानी मिळन काय?" मनसारामबाबूंनी पाणी आणलं. तासाभरानं परत तेच उत्तर आलं, तेव्हा सुपारी मागितली. मग, बाहेर उन्हात माझी पिशवी राहिली काय पाहता का, म्हणाले. पिशवी त्यांच्या पायाशीच होती. तिसऱ्यांदा बाहेर पाठवल्यावर मनसारामबाबूंनी खिडकीतून पाहिलं, तर इवाई चष्मा कपाळावर ढकलून, एका हातानं वहीची पानं उलटत, दुसऱ्या हातानं फोनवर काहीतरी शोधत, स्वतःशी पुटपुटत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. मनसारामबाबूंना तेव्हा सगळं उमगलं. आपण जे तीन दिवस या माणसापासून लपवलं, तेच तो तीन तास आपल्यापासून लपवत होता. ते खिडकीतून बाजूला झाले. आत जाताना मुद्दाम खोकले, म्हणजे इवायाला फोन खिशात घालायला वेळ मिळावा.

असं साडेतीन वाजेपर्यंत चाललं. बाहेर ओसरीत शेहेचाळीस घरं बसून होती. कुणी जेवायला गेलं नव्हतं. रंभाबाई दर दहा मिनिटांनी दारात येऊन घड्याळाकडं पाहून जात.

पुढच्या वेळी मनसारामबाबू न खोकता आत गेले. सुरेंद्रभाऊंच्या हातात फोन तसाच राहिला. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाले, "इवाई, मले येत नाई. मी आतावरी वही पाहून पाहून केलं. हे वहीत नाई."

मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला असं म्हटल्याचं निदान मांगलबोडीत तरी कुणाला आठवत नाही. मनसारामबाबूंनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्यांच्या समोर न बसता शेजारी बसले.

"मले तं काईच येत नाई," ते म्हणाले. "पन हे बारीक अक्षरं धावून राह्यले, हे काय होय?"

"ते त्याचा हिशेबठिशेब. काय काय केलं ते ल्याहत राह्यते. ते कोनी वाचत नाई."

"काऊन?"

"लय राह्यते, इवाई."

कुणी वाचत नसेल तर लिहितं कशाला, हा प्रश्न मनसारामबाबूंना पटेना. एकतीस वर्षांत त्यांनी एकही कागद मधून वाचला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, पडद्यावर बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. इंग्रजी शब्द, आकडे, टिंबं, तिरप्या रेघा, काही सोडलं नाही. सुरेंद्रभाऊंनी आधी घड्याळाकडं पाहिलं, मग डोळे मिटले. पंचवीस मिनिटं ते वाचन चाललं. ओसरीवरचे लोक दाराशी गोळा झाले. बऱ्याच जणांना वाटलं, आता देवाचंच नाव घेणं चाललंय.

एकशे त्रेसष्टाव्या ओळीवर सुरेंद्रभाऊ एकदम म्हणाले, "थांबा. अजून एकदा म्हना."

त्या ओळीत लिहिलं होतं, की काडी वाचणारा भाग बाहेरच्या घरात, म्हणजे मूळ लॅपटॉपमध्ये आहे, त्याला आतल्या खोलीत यायची परवानगी दिलेली नाही. सकाळपासून यंत्र दर खेपेला हेच लिहून सांगत होतं, आणि दर खेपेला सुरेंद्रभाऊ ते सरकवून टाकत होते. त्यांनी एका ओळीची परवानगी लिहिली. काडीवरचा दिवा लागला, हिरवा, मुगाएवढा. चार वाजून दहा मिनिटांनी सही अर्जावर बसली आणि पावणेपाचला संस्थेच्या लंगड्या नेटवरून अर्ज गेला. पोहोच आली तेव्हा पोचूभाऊंनी ती दोन्ही हातांनी धरली. रंभाबाई उंबरठ्यावरच बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या, घाम होता की काय ते कुणी पाहिलं नाही. सुरेंद्रभाऊंना त्या दिवशी भद्रावतीला जाऊ दिलं नाही. मरळीचा रस्सा झाला. दोघे इवाई एका पंगतीत, मांडीला मांडी लावून जेवले.

सोमवारी खात्यानं मुदत पंधरा दिवस वाढवली. तालुक्यातल्या सतरा संस्थांपैकी सोळांचे अर्ज आलेच नव्हते. मनसारामबाबूंना हे कळलं तेव्हा काही क्षण त्यांना वाटलं, की शासनानं आपल्याला वैयक्तिकरीत्या फसवलं. पण मंगळवारी खात्याच्या साहेबांनी सगळ्या सचिवांना नागभीडच्या सभागृहात बोलावलं, आणि एकट्या मांगलबोडीचा अर्ज आला, मारबते बाबूंनी ते कसं केलं हे सगळ्यांना समजावून सांगावं, असं जाहीर केलं.

मनसारामबाबू उठले. समोर तेच सोळा जण होते, ज्यांच्या बिघडलेल्या संगणकांवर ते दीड वर्षं हळहळले होते. सगळे आता ते काय फुशारकी मारतात ते ऐकायला सावरून बसले होते. हातात सुरेंद्रभाऊंनी लिहून दिलेला सात पायऱ्यांचा कागद होता. तो त्यांनी उघडला, परत घडी घातली आणि साहेबांकडं वळून म्हणाले, "साहेब, पहिले तं एक इवाई लागते."

सभागृह हसलं. त्यांनी हसू ओसरू दिलं.

"मंग त्याच्यापुढं, आपल्याले येत नाई म्हनून सांगा लागते. मले हे सांगाले चार दिवस लागले. बाकीचं या कागदावर हाय."

मागच्या रांगेत कुणीतरी, बाबू, तो कागद इकडं देता काय, असं हळूच विचारलं. मनसारामबाबूंनी कागद स्वतः नेऊन दिला आणि त्या माणसाच्या शेजारीच बसले. दोघा इवायांपैकी 'येत नाई' असं आधी कोण म्हणालं होतं, हे मात्र त्यांनी सभेला सांगितलं नाही.